आकड्याला नाव देणाऱ्या आमच्या वन्सं

आमच्या वन्सं गेल्या ही बातमी मला शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, गेटवर कळली. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शोभाताई. सकाळी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते, तर त्यांनीच मला हाकलून लावलं. "माझ्या तोंडाकडं बघत बसून काय मिळणार हाय तुला? जा की, तिथं लोकं वाट बघत बसली असतील." आवाज पार बारीक झाला होता, पण हुकूम तोच. मी तणतणतच गाडी काढली. गेटवर नाव लिहीत होते तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, आणि तो नुसता "मनीषा..." म्हणाला. पुढं मला काही विचारावं लागलं नाही. वॉचमनकाकांनी खुर्ची दिली. मी बसले, रडले, आणि खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. शेवटच्या वेळी माणसाला जवळ बसू देऊ नये, हा काय स्वभाव झाला?

मी तोंडाळ आहे, हे वाचणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात, आमचं तर रोज भांडण व्हायचं, आणि तेही घरात नव्हे, ऑफिसात. कोल्हापुरात, राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. तिथं बसून वन्संनी फौंड्र्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, ड्रॉइंग दिलं की त्याचा पॅटर्न किती मापाचा करायचा, वजन किती भरेल, धातू किती वितळवायचा, हे सगळं तो सांगतो. शिरोलीतल्या कितीतरी कारखान्यांत आज तो चालतो. त्यातलेच एक जुने मालक, बाळासाहेब, बाराव्याला जेवायला आले होते. पानावरनं उठताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, राग मानू नका. आमच्याकडं नव्या धातूचं काम आलंय. कधी ओतला न्हाय असला धातू. ताई असत्या तर एका फोनवर झालं असतं. आता त्यांचं सगळं त्यांच्या डोक्यातच गेलं. पुण्याच्या कंपनीला बोलवावं म्हणतोय." बाराव्याच्या दिवशी! पाहुणे होते म्हणून मी हात जोडून त्यांना वाटेला लावलं. पण आतून पेटले. आणि त्याहून जास्त घाबरले, कारण शेवटचं वर्षभर वन्संनी एकच गोष्ट घोकली होती: "मी नसताना हे चाललं पायजे." ते चालणार नसेल, तर त्या बाईनं आयुष्यभर केलं काय?

माझं माहेर गारगोटीचं. कॉम्प्युटर घेऊन बीसीएस झाले आणि बघायचा कार्यक्रम ठरला. पाहुण्यांत ह्या वन्सं बसलेल्या, कडक इस्त्रीची साडी आणि हातात भलंमोठं घड्याळ. सासूबाई मला भाकरी येते का विचारणार, एवढ्यात ह्यांनीच तोंड उघडलं. "क्लास आणि ऑब्जेक्ट, फरक सांग बघू." माझी आई माझ्याकडं बघायला लागली. मी कॉलेजात पाठ केलेली व्याख्या इंग्रजीत धडाधड म्हणून टाकली. वन्सं हसल्या. "पाठांतर झकास हाय. आता मी सांगतो." त्या कोल्हापूरच्या पोरींसारख्या 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलायच्या, केस पिकले तरी. म्हणाल्या, "आमचे आबा लाकडाचा पॅटर्न करतात. त्यो वाळूत दाबून साचा उठवायचा, साच्यात रस ओतायचा, की झालं कास्टिंग. एका पॅटर्नवरनं पायजे तेवढी कास्टिंगं निघतात. पॅटर्न म्हणजे क्लास, कास्टिंग म्हणजे ऑब्जेक्ट." कोपऱ्यात बसलेले त्यांचे वडील, म्हणजे माझे होणारे मामंजी, मिशीत हसत होते. लेक आपल्या धंद्यातनं कॉम्प्युटर समजावून सांगतेय, ह्याचं कौतुक तोंडावर मावत नव्हतं. मी त्याच वेळी मनात होकार देऊन टाकला. नवऱ्याकडं त्या दिवशी मी नीट बघितलंसुद्धा नाही, हे तो अजून ऐकवतो.

लग्नानंतर मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले, आणि माझ्या पहिल्याच कामावर त्यांनी बोट ठेवलं. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगचं वजन काढायचं होतं. आकारमान गुणिले घनता, एवढाच हिशेब. मी घनतेच्या जागी सरळ आकडा लिहून मोकळी झाले होते, आणि तोच आकडा चार ठिकाणी. वन्संनी पडद्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "हे कुणाचं?" मला कळेना. "ह्या आकड्याला आई न्हाय, बा न्हाय, नाव न्हाय. असला बेवारशी आकडा माझ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायचा न्हाय." मग त्यांनी स्वतःचं काम दाखवलं. प्रत्येक धातूचा वेगळा क्लास: बीड, पोलाद, गनमेटल... आणि प्रत्येक क्लासच्या डोक्यावर, मोठ्या अक्षरांतल्या नावांनी, त्या धातूचे न बदलणारे आकडे. हेच ते कॉन्स्टंट. आकडा एकदाच, एकाच जागी लिहायचा. त्याला नाव द्यायचं. पुढं जिथं लागेल तिथं क्लासचं नाव घ्यायचं, टिंब द्यायचं आणि कॉन्स्टंटचं नाव लिहायचं, की झालं. त्यासाठी एकही ऑब्जेक्ट बनवावा लागत नाही. कास्टिंग अजून ओतलेलंसुद्धा नसेल, पण बिडाची घनता बिडापाशी असतेच. आणि पुढं प्रोग्रॅममध्ये कुणी तो आकडा बदलणारी ओळ लिहिली, तर कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं तपासून कॉम्प्युटरच्या भाषेत नेणारा, ते काम तोंडावर परत फेकतो. मला वाटलं, एवढ्याशा आकड्यासाठी केवढा हा सोहळा. तसं बोलूनही दाखवलं, आणि त्या आठवड्यात चार ठिकाणचे आकडे हुडकून मीच पुसत बसले.

कुठला आकडा क्लासचा आणि कुठला ऑब्जेक्टचा, हे मला नीट उमगलं ते मात्र आमच्या स्वयंपाकघरात. घरी कुणीतरी पाहुणे आले होते. मी विचारलं, चहा घेणार का? ते नको म्हणाले, मी आत आले. वन्संनी मला आतच गाठलं. "अगं बाई, विचारतीस काय? पाव्हणा नको म्हटला तरी आपल्यात चहा येणारच. ह्यो घराचा कॉन्स्टंट हाय, त्यो पाव्हण्याच्या हातात द्यायचा न्हाय. साखर किती, एवढंच त्याला विचारायचं. ती ज्याची त्याची." मी चहा ठेवला, आणि उकळी येईपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानंतर मी कित्येक पोरापोरींना हे चहाचंच उदाहरण देऊन शिकवलंय, आणि कुणालाही ते दुसऱ्यांदा सांगावं लागलेलं नाही.

उलट बाजूनंही त्या तेवढ्याच कडक होत्या. न बदलणाऱ्या आकड्याला जपायचं, पण बदलणाऱ्याला उगाच कॉन्स्टंटच्या गादीवर बसवायचं नाही. मी एकदा बिलाच्या हिशेबात कराचा दर कॉन्स्टंट म्हणून लिहिला. मला वाटलं, नाव दिलंय, एकाच जागी ठेवलाय, आता तरी शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, "सरकार ज्याला हात लावतंय, त्यो कॉन्स्टंट कसला?" दर बाहेर काढून सेटिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम न उसवता बदलता येईल अशा जागी, ठेवायला लावला. पुढं जीएसटी आला, तेव्हा आजूबाजूच्या ऑफिसांत नुसती पळापळ उडाली होती, कुणाकुणाचे प्रोग्रॅम मुळापासून उसवायला लागले. आम्ही दर बदलला आणि दोघी मिसळ खायला गेलो. ती मिसळ मला फार चविष्ट लागली, हे कबूल करते.

पण वन्संचा खरा कस लागला तो त्याच्याही बराच आधी, बाळासाहेबांच्याच कारखान्यात. आमच्या प्रोग्रॅमवर घेतलेलं त्यांचं पहिलं मोठं काम, पंपाची बॉडी. आता लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा जरा मोठा करावा लागतो. त्या वाढीला फौंड्रीत श्रिंकेज म्हणतात, आणि ते धातूगणिक वेगळं असतं. वन्संनी ते त्या त्या धातूच्या क्लासमध्ये कॉन्स्टंट म्हणून लिहिलं होतं, त्यामुळं प्रोग्रॅममधनं ड्रॉइंग छापून यायचं ते वाढीव मापाचंच. पॅटर्न करणार होते मामंजी. त्यांच्याकडं पॅटर्नवाल्यांची एक खास पट्टी होती. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण तिच्या एकेका कडेवरच्या रेघाच एकेका धातूच्या श्रिंकेजच्या हिशेबानं जरा लांब-लांब मारलेल्या. तिच्यावर शंभर मोजलं की आपोआप शंभराहून जरा जास्त भरतं. वेगळा हिशेब करायची गरजच नाही. मामंजींनी छापील कागद घेतला, आयुष्यभर घेत आले तीच पट्टी घेतली आणि मापं टाकली. म्हणजे वाढ लेकीनंही धरली आणि बापानंही. आमटीत सासूनं मीठ घालावं आणि पाठोपाठ सुनेनंही घालावं, तसलीच गत. बाप-लेक एका घरात राहत होते, रोज एका पंगतीला जेवत होते, आणि दोघांनाही हे सुचलं नाही.

कास्टिंगं मोठी आली. भोकांची अंतरं जुळेनात, कव्हर बसेना. कारखान्याच्या आवारात नाकारलेल्या बॉड्यांचा ढीग पडला आणि त्या ढिगाशेजारी उभे राहून बाळासाहेब ओरडत होते, "कागदावर लोखंड ओताय निघालेत!" निम्मे लोक म्हणत होते प्रोग्रॅम चुकला, निम्मे म्हणत होते मिस्त्री चुकला. मामंजी मान खाली घालून उभे होते. त्यांच्या पॅटर्नवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. वन्संनी प्रोग्रॅम उघडून हिशेब तपासला, मग वडिलांच्या हातातली पट्टी घेऊन डोळ्यांपुढं धरली, आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मामंजी बोलायला लागले, "बाळासाहेब, माझीच..." वन्संनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "आबा, तुम्ही गप बसा. बाळासाहेब, चूक माझी हाय. मिस्त्रींनी रोज करतात तेच केलं. माझा आकडा माझ्या क्लासात दडून बसलाय, त्यो मी कागदावर कुठं दाखवलाच न्हाय."

एवढ्या पुरुषांच्या घोळक्यात, सगळ्यांनी ऐकावं अशा आवाजात. धंदा नवीन, नाव अजून व्हायचं होतं, आणि बाई चूक माझी म्हणून मोकळ्या! परतताना गाडीवर मी त्यांच्यावर उखडले. म्हटलं, पट्टी मामंजींची, मग तुमच्या एकटीची चूक कशी? त्यांनी मागनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आकडा एकाच जागी लिहायचा म्हणून तुझ्या मागं लागतो मी. आणि तोच आकडा आबांच्या पट्टीवर लिहिलेला हाय, हे मला दिसलं न्हाय. त्या पट्टीशी खेळत मोठी झालो मनीषा मी. मला म्हाईत नसंल तर कुणाला असंल?" 

त्यानंतर त्यांनी ठरवून टाकलं की श्रिंकेज फक्त क्लासमध्ये राहणार, आणि ड्रॉइंगच्या डोक्यावर मराठीत छापून येणार: श्रिंकेज धरले आहे, साधी पट्टी वापरावी. पण हे त्यांनी परस्पर केलं नाही. आधी वडिलांसमोर बसून, एकेका धातूचा आकडा त्यांच्या पट्टीशी ताडून बघितला, त्यांचा होकार घेतला आणि मगच त्यांना साधी पट्टी घ्यायला सांगितली. दुसरा पॅटर्न झाला, बॉडी ओतली, कव्हर चपखल बसलं. मामंजी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटले, "पोरीनं माझ्या पट्टीला पेन्शन दिली!" म्हाताऱ्याची छाती काय फुगली होती म्हणून सांगू... बाळासाहेब त्या दिवसापासनं वन्संना 'ताई' म्हणायला लागले, आणि शिरोलीत एकानं दुसऱ्याला सांगत आमचा प्रोग्रॅम पसरत गेला. चूक कबूल केल्यानं धंदा वाढल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते मात्र पुढं. वन्संनी ठरवलं की धातूंचे सगळे क्लास प्रत्येक गिऱ्हाइकाला उघडे द्यायचे. कुठला आकडा कुठं लिहिलाय, त्याचं नाव काय, हे त्यांच्या माणसांना वाचता यावं, आणि नवा धातू आला तर त्यांचा त्यांना नवा क्लास लिहिता यावा. माझं डोकंच फिरलं. "वन्सं, दुकानाची किल्ली कुणी गिऱ्हाइकाच्या हातात देतं का? उद्या आपल्याला विचारणार कोण?" त्या शांतपणे म्हणाल्या, "न्हाय विचारलं तर बरंच की." मी ऑफिसात अबोला धरला. बोलायचं झालं तर नवऱ्यामार्फत निरोप. तो बिचारा दोघींच्या मध्ये चहाचे कप आणि निरोप नेऊन-आणून दमला. शेवटी त्यांनी त्यांचंच केलं. मला ते पटलं नव्हतं, आणि पटल्याचं सोंग मी कधी आणलं नाही.

मग आजार आला. शेवटच्या वर्षात, अंगात जरा ताकद असली की त्या म्हणायच्या, "चल, शिरोलीला." डॉक्टर नको म्हणायचे, सासूबाई देवाला साकडं घालायच्या, आणि ह्या डोक्याला स्कार्फ गुंडाळून माझ्या मागं गाडीवर. एकेका कारखान्यात जायचं, तिथला जो कुणी इंजिनिअर असेल त्याला शेजारी बसवायचं आणि धातूंचे क्लास उलगडून दाखवायचे. बाळासाहेबांकडं समीना म्हणून एक इंजिनिअर आहे, तिच्याशी तर त्यांची गट्टीच जमली. "नवा धातू आला तर जुन्या क्लासला हात लावायचा न्हाय. त्याचा क्लास वेगळा, त्याचे आकडे त्याच्यात. आणि पुस्तकातला आकडा डोळे झाकून घ्यायचा न्हाय. आपल्या भट्टीत ओतून, थंड करून, मोजून मगच लिहायचा." समीना मान डोलवायची. मी दाराशी उभी राहून घड्याळ बघायचे, कारण ह्यांना औषध द्यायची वेळ झालेली असायची. परतताना त्या माझ्या पाठीवर डोकं टेकवून बसायच्या. इतक्या हलक्या झाल्या होत्या की मागं कुणी बसलंय हे कळायचं नाही, आणि मी आरशात सारखी बघत राहायचे.

तर बाराव्याला बाळासाहेब जे बोलून गेले, ते माझ्या डोक्यातनं जाईना. मी ठरवलं, त्यांचा फोन येईल, तेव्हा मी तयार पाहिजे. त्या नव्या धातूची माहिती गोळा केली, वन्संचे सगळे क्लास पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. फोन आला नाही. दिवस गेले, तरी नाही. मग माझी खात्रीच पटली की पुण्याची माणसं येऊन बसली असणार. मी काही शांत स्वभावाची नाही. एका दुपारी गाडी काढली आणि तडक शिरोली गाठली. मनात बोलायची वाक्यं जुळवत होते, त्यांतली बरीचशी इथं छापता येणार नाहीत.

आत गेले तर तपासणीच्या टेबलावर त्या नव्या धातूचं कोरं कास्टिंग, आणि समीना त्याची मापं घेत उभी. कव्हर शेजारीच होतं. तिनं माझ्यादेखत ते उचललं, बॉडीवर ठेवलं, आणि ते जागच्या जागी बसलं. मी विचारलं, "कुणाकडनं करून घेतलंत? पुण्याहून आलेत का कोण?"

"न्हाई ओ मॅडम, आपल्याच प्रोग्रॅममधनं केलं. नवा क्लास लिहिला. ट्रायल ओतली, थंड झाल्यावर मोजलं, आणि आकडा क्लासच्या डोक्यावर लिहून टाकला."

"अगं, मग मला एक फोन करायचा होतास!"

ती माझ्याकडं बघतच राहिली. माझं काय चुकलं, असा चेहरा. म्हणाली, "विचारायचं काय त्यात? ताईंनी सगळं उघडं ठेवलंय की."

तेवढ्यात बाळासाहेब बाहेरनं आले. "काय वैनी, भांडायला आलताय व्हय?" मी काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं आणि हमसून रडायलाच लागले. ते गडबडले, समीनानं पाणी आणलं. बाळासाहेब म्हणत होते, "पुण्याचं रद्द केलं वैनी, रद्द केलं..." त्यांना वाटलं मी त्यासाठी रडतेय. मला सांगायचं होतं की तसं नाही, पण सांगता येईना.

आता सांगते. दवाखान्यातनं मला हाकलून लावणाऱ्या त्या बाईचा मला अजूनही राग येतो, आणि तिच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कुणाचाच वाटत नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक लिहितात की त्यांच्यावाचून सगळं ठप्प झालं. मी तसं लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. आमच्या वन्संवाचून शिरोलीत कुणाचं काहीसुद्धा अडलं नाही.